पाणी कधी सुटणार, तेवढं सांगा

लातूर आणि नांदेड-वाघाळा महानगरपालिकांचे आयुक्त व पाणीपुरवठा अभियंते, तसेच महावितरणच्या लातूर आणि नांदेड परिमंडळांतील सर्व अभियंते यांना खुले पत्र



माझ्या आजोळी, मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी, नगरपरिषदेचा एक वॉलमन होता. हजेरीपटावर त्याचा हुद्दा काही वेगळा असेल. गल्लीत सगळे त्याला वॉलमनमामाच म्हणत. सायकलच्या दांडीला बांधलेली कंबरेएवढी लोखंडी चावी, तिच्या माथ्यावर आडवा दांडा. रस्त्यातलं झाकण पहारीनं उचलायचं, चेंबरमध्ये चावी सोडायची आणि दोन्ही हातांनी फिरवायची. किती आटे उघडले ते तो पुटपुटत मोजायचा. चढावरची गल्ली आधी, उताराची नंतर; कारण उताराची आधी उघडली की वर धारच चढत नाही, हे त्याला कुठल्याही नकाशाशिवाय माहीत होतं. काम झालं की जाता जाता दारादारात आवाज द्यायचा, "उद्या नाही. परवा पहाटे पाचला, पाऊण तास." आणि परवा पहाटे पाचला पाणी यायचं. हेडवर्क्सची मोटर जळाली तर आदल्या रात्री येऊन सांगायचा, "उद्याचं धरू नका, मावशी." माझी आजी त्या माणसाच्या शब्दावर कपडे भिजत घालायची.

मी मेकॅनिकलचा इंजिनीअर. नोकरीची बरीच वर्षं शेतीपंप विकण्यात गेली. लातूर, उदगीर, अहमदपूर, लोहा, कंधार, नांदेड असा फिरतीचा पट्टा. म्हणून हे पत्र लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे पंपाचं दुकान आहे. दुकानात येणारा शेतकरी कधी पंपाची कार्यक्षमता विचारत नाही. तो विचारतो, "व्होल्टेज पडलं तर उचलंल का? आणि जळाली तर वाइंडिंग कुठं होईल?" आमच्या पहिल्या कॅटलॉगात या दोन्ही प्रश्नांची उत्तरं नव्हती. तिथं हेड होता, डिस्चार्ज होता, अश्वशक्ती होती. पण व्होल्टेज पडलं की मोटर जास्त करंट ओढते, तापते, वाइंडिंग जळतं आणि ऐन हरभऱ्याच्या पाण्यात शेतकऱ्याचे चार दिवस जातात. त्याला पंप नको असतो, त्याला ते चार दिवस वाचवायचे असतात. हे दुकानदारांकडून पुन्हा पुन्हा कानावर येत गेलं, तेव्हा कमी व्होल्टेजवरही टिकणाऱ्या मोटरी बनू लागल्या. मार्केटिंग म्हणजे काय, हे मला तिथं कळलं. माणसाची अडचण त्याच्या तोंडून ऐकून ड्रॉइंग बोर्डापर्यंत परत नेणं, हे त्यातलं मुख्य काम. जाहिरात शेवटी येते, आणि पुष्कळदा तिची गरजही राहत नाही.

सरकारी आणि निमसरकारी कचेऱ्यांत मार्केटिंग म्हटलं की होर्डिंग आठवतं, लोकार्पणाचा मांडव आठवतो. म्हणून अभियंते त्या शब्दापासून चार हात लांब राहतात आणि मला त्यांचं चूक वाटत नाही. शिवाय, "आमच्याकडे गिऱ्हाईक येणारच, दुसरीकडे जाणार कुठं?" हाही विचार असतो. फिलिप कोटलर आणि सिडनी लेव्ही या अमेरिकी प्राध्यापकांनी १९६९ सालीच लिहून ठेवलं होतं की विपणनाचा विचार साबण-टूथपेस्टपुरता नाही, सार्वजनिक संस्थांनाही तो लागतो. पण आपल्याला अमेरिकेपर्यंत जायचं कारण नाही. लातूरनं यातले सगळे धडे घरबसल्या गिरवले आहेत आणि त्यांची किंमतही मोजली आहे.

२००८ साली लातूर शहराच्या पाणीपुरवठ्याची व्यवस्था दहा वर्षांच्या करारानं खासगी कंपनीकडे गेली. मीटर बसवायचे, वापराप्रमाणे आकारणी करायची, गळती शोधायची. अभियंत्याच्या नजरेनं पाहिलं तर त्यात चुकीचं थोडंच होतं. पण ज्या घरात नळाला कित्येक दिवसांआड पाणी येतं, त्या घराला आधी मीटर दिसला, नवा दर दिसला. पाणी कसं सुधारणार ते दिसलं नाही. लोक रस्त्यावर उतरले आणि मुदत संपण्याच्या कितीतरी आधी ती व्यवस्था कोलमडली. तेव्हा खासगीकरण चांगलं की वाईट यावर खूप वाद झाला. त्या वादात एक साधी गोष्ट राहून गेली: घेणाऱ्याच्या हातात काय पडणार हे न सांगता त्याच्याकडून काय घेणार ते आधी सांगितलं गेलं. पंपाच्या दुकानात असा व्यवहार एक दिवसही चालला नसता.

मग २०१६ आलं. धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं. मार्चमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी गर्दी होऊन भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावावी लागली. १२ एप्रिलच्या पहाटे मिरजेहून ‘जलदूत’ आली. दहा वॅगन, ५ लाख लिटर. पुढे पन्नास वॅगनची गाडी, २५ लाख लिटर. पुढचे चार महिने, ऑगस्टपर्यंत, शहराला सुमारे साडेतीनशे किलोमीटरवरून रेल्वेनं पाणी आलं. त्या दिवसांत एक गोष्ट मी रोज अनुभवत होतो. गाडी किती वाजता निघाली, कुठं पोचली, किती लिटर उतरलं, हे पानटपरीवरच्या माणसालासुद्धा तोंडपाठ असायचं. पाणी होतं थोडं, पण त्याचा हिशेब उघडा होता. धरण भरलेलं असतानाच्या एकाही वर्षी आपण किती पाणी उचलतो आणि किती घरी पोचतं, हे गावाला असं तोंडपाठ नव्हतं.

त्याच उन्हाळ्यात ‘जलयुक्त लातूर’ची चळवळ उभी राहिली. साई ते नागझरीपर्यंत मांजरेच्या १८ किलोमीटर पात्राचा गाळ काढून ते खोल आणि रुंद करायचं, तेही लोकवर्गणीतून. व्यापारी, डॉक्टर, वकील, शिक्षक, आडत बाजारातले हमाल, सगळ्यांनी पैसे दिले. पाणीपट्टी थकवणारं शहर म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवलं जातं, त्याच शहरानं पाण्यासाठी आपणहून खिशात हात घातला. का? कारण काम डोळ्यांदेखत चालू होतं. पोकलेन कुठल्या टप्प्यावर आहे ते जाऊन बघता येत होतं. पैसा कुठं गेला ते विचारता येत होतं. पावसाळ्यात पात्रात पाणी थांबलं तेव्हा त्यातल्या प्रत्येकाला ते आपलं वाटलं.

महोदय, लातूरकर पाण्याला पैसे देत नाही, असं आपल्या बैठकांत कुणी म्हटलं तर हा प्रसंग त्याच्यासमोर ठेवावा ही विनंती. आणि दुसरा तर रोज दारात उभा असतो. थंड पाण्याच्या जारचा टेम्पो लातूरच्या आणि नांदेडच्या गल्लीगल्लीत फिरतो. वीस लिटरचा जार वीस-तीस रुपयांना. म्हणजे लिटरला रुपया-दीड रुपया, हजार लिटरला हजार-दीड हजार. कुठल्याही पालिकेचा दर याच्या जवळपासही जात नाही. तरी लोक महिन्याच्या महिन्याला जारवाल्याचं खातं चुकतं करतात. त्याचं पाणी तुमच्या जलशुद्धीकरण केंद्रातल्या पाण्याइतकं तपासलेलं असतं का, याची मला खात्री नाही. पण तो फोन उचलतो. येतो म्हणाला की येतो. लग्न असलं तर दहा जार जास्त आणतो आणि येणार नसेल तर तसं कळवतो. लोक त्याला पाण्याचे कमी आणि खात्रीचे पैसे जास्त देतात.

ही खात्री म्हणजे ग्राहकाचं मन राखण्याची नुसती मऊ गोष्ट आहे, असं कृपा करून समजू नका. ती निव्वळ अभियांत्रिकी आहे. नळाला पाणी कधी सुटेल ते ठाऊक नसलं की प्रत्येक घर तोटी उघडी ठेवून झोपतं. पाणी आलं की सगळे एकाच वेळी भरतात. टाकी, ड्रम, घागरी, मग परातीसुद्धा. मागच्या वेळचं उरलेलं ‘शिळं’ म्हणून ओतून देतात. धार कमी आहे असं वाटलं की नळालाच मोटर लावतात आणि पुढच्या घरांचा दाब आणखी पडतो. शेवटच्या टोकाची गल्ली कोरडी राहते. पाणी बंद झालं की रिकाम्या वाहिनीत पोकळी होते आणि जिथं सांधा सैल आहे तिथून गटाराचं पाणी आत ओढलं जातं. मग कावीळ, मग जुलाब. यातलं निम्मं नुकसान पाण्याच्या तुटवड्यातून येत नाही, अनिश्चिततेतून येतं. चार दिवसांआड येणारं पाणी नक्की मंगळवारी सहाला येणार असेल, तर घर मंगळवारपर्यंत पुरेल एवढंच साठवतं. वेळ पाळणं हा दाब सांभाळण्याचा सगळ्यांत स्वस्त उपाय आहे. त्याला नवी टाकी लागत नाही, निविदा लागत नाही.

विजेचंही तेच. स्मार्ट मीटरचा प्रसंग ताजा आहे. राज्यभरातल्या सव्वादोन कोटींच्या आसपास ग्राहकांना स्मार्ट प्रीपेड मीटर बसवायची योजना आली. लोकांचे प्रश्न साधे होते. मीटर पळेल का? आधी पैसे भरावे लागतील का? रात्री पैसे संपले तर अंधारात बसायचं का? रीडिंग घेणाऱ्या पोरांच्या नोकऱ्या जातील का? योजना कागदावर पक्की होऊन कामाचे आदेश निघाले तरी या प्रश्नांची उत्तरं गल्लीपर्यंत पोचली नव्हती. विरोध झाला. २०२४च्या जूनमध्ये सर्वसामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर लावणार नाही असं सरकारनं जाहीर केलं आणि नंतर पोस्टपेड पद्धतीनं ‘टीओडी मीटर’ (टाइम ऑफ डे, म्हणजे वेळेनुसार दर) या नावानं मीटर येऊ लागले. २०२५च्या जुलैपासून अशा मीटरवर सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेत वापरलेल्या विजेला घरगुती ग्राहकालाही युनिटमागे सवलत मिळते. ही गोष्ट खरोखर उपयोगाची आहे. पाण्याची मोटर दुपारी लावा, इस्त्री दुपारी करा, बिल कमी येईल, हे कुठल्याही माउलीला एका वाक्यात पटलं असतं. ते वाक्य घेऊन आधी दारात गेला असता आणि मीटर नंतर आणला असता, तर इतका अविश्वास उरला नसता. आता नाव बदलून आलेल्या मीटरकडे लोक संशयानं बघतात. त्या संशयाला अडाणीपणा म्हणणं मला मान्य नाही.

महावितरणचाच एक तरुण ज्युनिअर इंजिनीअर मी पाहिला आहे. ऐन रब्बीत आमच्या भावकीतल्या शिवाराची डीपी जळाली. वीस-बावीस शेतकरी त्याच्या टेबलासमोर. नियमानं ग्रामीण भागात जळालेलं रोहित्र बदलायला ४८ तास. तो उठला, सगळ्यांना बाहेरच्या लिंबाखाली बसवलं आणि सांगितलं, "दुरुस्त डीपी आज नाही. उद्या संध्याकाळी तेल भरून होईल. परवा दुपारी चारच्या पुढं तुमच्या शिवारात. चार वाजेपर्यंत एकानंही खेटा मारू नका. उशीर होणार असला तर दुपारी दोनला मी फोन करतो, कुणाला करू ते सांगा." एकाचा नंबर घेतला. परवा दुपारी दोनला फोन आला, दोन तास उशीर. सहाला डीपी आली. एकही माणूस चिडला नव्हता. कुणी ट्रॅक्टर जुंपून मदतीला थांबला होता, कुणी लाइनमनसाठी चहा आणला होता. त्या पोराला हे कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. त्याचा बाप शेतकरी होता, एवढंच त्यानं मला नंतर सांगितलं.

कॉलेजचा विषय निघालाच आहे. नांदेडची श्री गुरु गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्था १९८१पासून विष्णुपुरीत आहे. संस्थेच्या शेजारी गोदावरी अडवलेली आहे, शंकरसागर जलाशय आहे, उपसा सिंचनाचे पंप आहेत. लातुरात बिडवे अभियांत्रिकी आहे, तंत्रनिकेतन आहे. इथली पोरं पंपाचा हेड काढायला शिकतात, वाहिनीतलं घर्षण काढायला शिकतात. शेवटच्या टोकाच्या गल्लीतली बाई पहाटे किती वाजता उठते, हे मोजायला कुणी सांगत नाही. मला कुणी सांगितलं नव्हतं. शेवटच्या वर्षाच्या प्रत्येक प्रकल्पगटाला एक आठवडा वॉलमनबरोबर आणि एक आठवडा लाइनमनबरोबर पाठवावं, एवढीच माझी मागणी आहे. सोबत वही द्यावी: लोक काय विचारतात ते जसंच्या तसं लिहायचं. पालिकेनं आणि महावितरणनं ती वही मागून घ्यावी. इतका स्वस्त बाजार-अभ्यास दुसरा नाही.

नांदेडला तर माणसाच्या गरजेकडून सुरुवात कशी करायची, हे सांगायला नकोच. २००८ला गुरु-ता-गद्दीच्या तीनशेव्या वर्षी शहर सजलं, रस्ते झाले, पाण्याची कामं झाली. तेव्हा आखणी करताना प्रश्न होता, येणारा यात्रेकरू कुठं उतरेल, कुठून चालत जाईल, त्याला पाणी कुठं लागेल? पाहुण्यासाठी आपण हे करतो. सचखंड गुरुद्वाराच्या लंगरमध्ये तर शतकानुशतकांची सेवा आहे. तिला व्यवस्थापनाचं नाव देणं मला बरोबर वाटत नाही. पण तिथं जाणाऱ्या कुणालाही आज जेवण मिळेल का, अशी शंका येत नाही. अभियंत्यानं ताटासमोर बसून एवढं मनात धरावं.

बाहेरची दोन उदाहरणं देतो. कराडजवळच्या मलकापूरनं मीटर लावले, वापराच्या टप्प्यांप्रमाणे वाढता दर लावला आणि चोवीस तास पाणी दिलं. तिथंही मीटरला लोक घाबरत होतेच. पण मीटरबरोबर न थांबणारा नळ आला. दुसरं उदाहरण कंबोडियातल्या नोम पेन्हचं. यादवीतून उठलेलं शहर, सत्तर टक्क्यांहून जास्त पाणी हिशेबाबाहेर. १९९३ साली ‘एक सोन चान’ नावाच्या अभियंत्याकडे पाणीपुरवठा आला. त्यांनी वसुली आधी बड्यांकडून आणि सरकारी खात्यांकडून केली, जोडण्यांची घरोघर जाऊन मोजणी केली, गरिबांना जोडणीचे पैसे हप्त्यानं भरू दिले. पुढे तिथं हिशेबाबाहेरचं पाणी एक आकडी टक्क्यांवर आलं आणि पाणी चोवीस तास झालं. २००६चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना मिळाला. आधी बडे, मग गल्ली, हा क्रम आपल्याकडे एकदा पाळून बघावा. लोकांना थकबाकीदार म्हणून दंडुका दाखवण्याआधी सरकारी कार्यालयांची पाणीपट्टी किती थकली आहे, तो फलक पालिकेच्या दारात लावा. पट्टी भरायला येणाऱ्या माणसाचा हात थोडा सैल होईल.

पुष्कळ गोष्टी सुचतात, पण मी एकाच गोष्टीचा आग्रह धरतो. लातुरातला एक व्हॉल्व निवडा, नांदेडातला एक. त्यावर किती घरं आहेत ती मोजा. त्या घरांना पुढच्या चार पाळ्यांच्या वेळा आधी कळवा: मोबाइलवर, आणि ज्यांच्याकडे मोबाइल नाही त्यांच्यासाठी कोपऱ्यावरच्या फळ्यावर. वेळ चुकणार असेल तर ते आदल्या रात्री कळवा, कारणासकट. वॉलमनला ही वेळ सगळ्यांच्या आधी कळली पाहिजे, कारण गल्लीत तोंड त्याला द्यावं लागतं. चार पाळ्या झाल्या की किती पाणी सोडलं आणि किती घरांना पोचलं, तेही त्याच फळ्यावर लिहा. कमी पोचलं असेल तर कमी लिहा. महावितरणनं हेच एका फीडरवर करावं: दुरुस्तीसाठी बंद केव्हा, चालू केव्हा, आणि खरोखर चालू केव्हा झालं.

निवडीत माझा भाग आला तर फळा लावायला भिंत मी देतो. चार पाळ्या सांगितलेल्या वेळी झाल्या, तर आमच्या गल्लीची थकलेली पट्टी घरोघर फिरून गोळा करायला मी स्वतः निघेन आणि पावतीपुस्तक घेऊन आपल्या कार्यालयात येईन. तारीख आपण कळवा.

आपला,
एक नागरिक आणि आपला ग्राहक